समासातलं पाणी

जीप घेतली तेव्हा ती चौदा वर्षांची होती,
मी बेचाळीसची.
घाट चढताना दोघींनाही धाप लागायची.
ठरवलं, चेंबूरहून स्पितीपर्यंत रस्त्याने जायचं,
आणि लक्षात आलं, मला साधी एक गाठ येत नाही
सोडीन तेव्हाच सुटेल अशी.

मग विचारत सुटले.
सांगणाऱ्यांना काय तोटा!
दुसऱ्या मजल्यावरच्या बेंद्र्यांनी जिन्यातच
अख्खा रस्ता सांगितला, वळणावळणासकट,
हातात दुधाची पिशवी ठिबकत होती.
पाचव्या मिनिटाला कळलं, ते विमानाने गेले होते.

दुकानदाराने तंबूबरोबर सल्ला फुकट दिला:
"कसलीही हवा असू दे, मॅडम."
तंबू मी गच्चीवर उभारला.
खाडीवरून वारा आला
तसा आधी तो शब्द पडला, मग तंबू.

वडाळ्याला ट्रक टर्मिनसच्या मागे
इलियास नावाचा ड्रायव्हर चहात पाव बुडवत होता.
रस्ता कसा आहे, विचारलं.
तो म्हणाला, चढतानाचा की उतरतानाचा?
म्हटलं, रस्ता तर एकच ना.
तो हसला नाही. "ब्रेकला विचारा," म्हणाला,
आणि उरलेला पाव संपवला.

आरेतली देवकी वरठा कंटोळी घेऊन बसते
आमच्या बँकेच्या पायरीखाली.
तिला विचारलं, रानात पाणी कसं शोधायचं गं?
"कुठल्या महिन्यात?"
एवढंच बोलली. तोलत राहिली.
माझं तोंड बघून चार कंटोळी जास्त घातली बहुतेक.

आणि फोर्टच्या फूटपाथवर, ऐंशी रुपयांत,
डोंगरवाटांचं एक पुस्तक मिळालं,
लेखकाचं नाव वाळवीने खाल्लेलं.
छापील अक्षर ठाम: येथे बारमाही पाणी आहे.
समासात पेन्सिल, बारीक, डावीकडे कललेली:
"नाही. कोरडा परतलो. १९ एप्रिल ८१."
त्याखाली तेच अक्षर, पेन्सिल दुसरी:
"वरचं चूक. टाकं आहे.
मी उंबराच्या अलीकडूनच वळलो होतो.
दोष माझा. नोव्हेंबर ८३."

अडीच वर्षांनी परत गेला हा माणूस
एका टाक्यासाठी.
कोणी वाचेल याची खात्री नसताना
खोडलं नाही, खाली लिहिलं.
दोष माझा.
बँकेत एकवीस वर्षं काढली,
हजारो शेरे वाचले, सह्यांसकट,
हे दोन शब्द कुणाच्याच अक्षरात पाहिले नव्हते.

स्पिती राहू दे, म्हटलं. आधी हे.
मुरबाडच्या पुढे जीप एका गोठ्याशी लावली,
पुस्तक पोटाशी धरून चालत राहिले.
उंबर नव्हता.
मे महिन्याचं ऊन, आणि उंबर नाही.
क्षणभर वाटलं, हाही बेंद्र्यांतलाच.
मग करवंदीत एक बुंधा दिसला, काळा, पोखरलेला,
मुंग्यांची ये-जा चाललेली.
त्याच्या पलीकडून वळले.

टाकं होतं.
पाणी दोन पुरुष खाली, हिरवं, हलत नव्हतं.
बाटलीला दोरी बांधली, सोडली.
गाठ सुटली.
बाटली थोडा वेळ तरंगली, माझ्याकडे बघत असल्यासारखी,
मग तिरकी झाली.
दुसरी गाठ मारायला अर्धा तास लागला.

कडेला बसून समास उघडला,
जागा थोडीच उरली होती.
त्याच्या अक्षराला धक्का न लावता लिहिलं:
"उंबर पडला. बुंधा शोधा, करवंदीत.
दोरी लांब न्या. गाठ आधी घरी मारून बघा.
एक बाटली तळाशी आहे, माझी.
पाणी उकळून प्यायले. न उकळता कसं, ते माहीत नाही.
२६ मे."